सीतापूरचं ऊन

मोहाडी
२ नोव्हेंबर २०२५

नीलेशच्या आईस,

फोन तू उचलत नाहीस. शेजारच्या सुंदरबाईच्या फोनवरून लावला, तर माझं "हॅलो" पुरं व्हायच्या आत ठेवून देतेस. म्हणून हा कागद. कागद फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतोच. राजकुमारला सांग, बहिणीचं पाकीट दुकानातल्या साखरेच्या पोत्यांत हरवू नको.

घाबरू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. मागच्या भिंतीला ओल आली, ती दरवर्षीचीच. लिहायचं कारण आपले चिरंजीव. नीलेशने आपल्या दोघांसाठी अंदमानची सहल ठरवली आहे, विमानाने. चौदा डिसेंबरला नागपूरहून निघायचं, सहा दिवसांनी परत. मला आधी विचारलं नाही, तुला विचारलं असेल तर ठाऊक नाही. मी म्हटलं, अरे, तुझी आई सहा वर्षं माझ्या दारात पाय ठेवत नाही आणि तू आम्हाला समुद्रात नेतोस? तर म्हणतो, "बाबा, तुमी दोघं एका गावात राहत नाही ना, तं एका बेटावर राहून पाहा. तिथून मामाच्या बपेऱ्याची एस.टी. सुटत नाही." पोरगा तुझ्यावर गेला आहे. बोलतो कमी, लागतं जास्त.

तर मुद्दा असा. सहा दिवसांपैकी तीन दिवस एका लहान बेटावर राहायचं आहे, अगदी समुद्राला लागून. त्या बेटावर किनारे तीन आणि त्यांतला एक आपण निवडायचा. त्यांची नावं ऐक: सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर. वनवास संपवून सगळे घरी गेले असतील असं आपल्याला वाटत होतं, पण ही मंडळी तिथे जाऊन बसली आहेत. भंडाऱ्याच्या प्रवास कंपनीला या महिन्याच्या बावीस तारखेपर्यंत नाव कळवायचं. त्याआधी तू हो म्हणायला हवं, कारण तिकिटं दोघांची आहेत आणि एकट्याने मी जाणार नाही.

नीलेश म्हणतो ऊन असलेला किनारा घ्या, थंडीत लोक उन्हासाठीच तिथे जातात. मी म्हटलं, बघू.

मला विचारशील तर लक्ष्मणपूर. फोटोत झाडं थेट वाळूपर्यंत आली आहेत. किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सकाळभर सावली. ऊन तुला चालत नाही हे मला माहीत आहे. राजकुमारची बायको सांगत होती, की तू अंगणात वाळवण टाकायलाही दिवस कलल्यावर जातेस. आपली गुड्डी गेली त्याला ऑगस्टमध्ये सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून तुझं असंच आहे. मी काही म्हणत नाही. फक्त सांगतो, की सावलीचा किनारा आहे.

एक विचारायचं राहिलं. गुड्डीचा हिरवा स्वेटर पेटीत नाही. तिची पुस्तकं आहेत, बारावीचं ओळखपत्र आहे, ज्यावर तिचं नाव ऱ्हस्व "प्रतिक्षा" लिहिलेलं तिला कधी आवडलं नाही. स्वेटर तेवढा नाही. तू नेला असशील तर ठीक. मी चार वर्षं शोधतो आहे, म्हणून विचारलं.

नंदलाल

*

मोहाडी
७ नोव्हेंबर

नीलेशच्या आईस,

तुझं पत्र आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण काल नीलेशचा फोन आला. म्हणाला, आईने एकच गोष्ट विचारली, "तिथं सकाळी ऊन किती वाजता येते?"

तू नाही म्हणाली नाहीस! मी फोन ठेवून गल्लीत दोन चकरा मारल्या. सुंदरबाईने ओट्यावरून विचारलं, "काय जी नंदलालभाऊ, लॉटरी लागली काय?" मी म्हटलं तसंच समजा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तिथे सूर्य आपल्यापेक्षा बराच लवकर उगवतो. डिसेंबरात पावणेसहाला ऊन आणि संध्याकाळी पाच वाजता दिवस बुडालेला. म्हणजे तू ज्याला भिऊन आहेस ते तिथे पहाटेच दारात उभं राहणार, हे मी लपवत नाही. पण लक्ष्मणपूरला ते झाडांच्या मागून येतं. दुपारपर्यंत वाळूवर सावली असते, असं मी फोटो मोठा करून पाहिलं आहे.

तिन्ही फोटो मी इतके पाहिले, की शेवटी माझ्या लक्षात आलं मी ते कसे पाहतो आहे. हसू नकोस. सीतापूरचा किनारा पाहून मनात आलं, हा तर लांबलचक, सरळ, पूर्वेला तोंड करून आहे, मध्ये झाड नाही, वारा एका अंगाने. इथे उभ्या सुताचे सहा ताणे एकापुढे एक लावता येतील. भरतपूरला धक्का आहे, होड्या आणि दुकानं आहेत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडतील, ताण्याला धोका. लक्ष्मणपूरला सावली, सुताला पाजलेली खळ वाळायची नाही. माणूस आयुष्यभर खड्डामागावर बसला, की समुद्र दाखवला तरी त्याला पाजणीची जागाच दिसते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा.

माग आता झाकलेला आहे. खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर गव्हाची कोठी ठेवली. मी विणकर सोसायटीत लिहिण्याचं काम करतो. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहिलं.

आता मागाचा विषय निघालाच आहे, तर एक बोलतो. तू त्या वर्षी भाऊबीजेला राजकुमारकडे गेलीस ती का गेलीस, हे मला कळलं होतं. गल्लीला मी सांगत फिरलो, की भावाकडे मन रमतं, चार दिवस राहील. पण मला माहीत होतं. गुड्डीच्या तेरवीनंतर मी मागावर बसलो आणि तोच ताणा विणायला घेतला. ती गेली त्या दिवशी गल्लीत पाजलेला. तू आत चुलीपाशी आणि इकडे माझं खटक-खटक. एकदा तू दारात येऊन म्हणालीस, "तुमचे हात कसे चालते जी?" मी धोटा फेकत राहिलो. चारही लुगडी उतरवली, काठ सरळ, एक गाठ नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

लोकांना मी सांगितलं, सूत सोसायटीचं होतं, शब्द दिला होता. ते निमित्त होतं. हात थांबवले असते तर मला विचार करावा लागला असता, आणि मला विचार करायचा नव्हता.

असो. लक्ष्मणपूर म्हणून कळवू का? तू नुसतं हो म्हण. राजकुमारच्या दुकानातून नीलेशला मिस्ड कॉल दिलास तरी मी समजून घेईन.

नंदलाल

*

मोहाडी
१२ नोव्हेंबर

नीलेशच्या आईस,

मिस्ड कॉल आला नाही. मीच काल भंडाऱ्याला जाऊन आलो. तुमसरकडून येणारी एस.टी. गच्च भरलेली, वरठीपर्यंत उभा गेलो.

प्रवास कंपनीचं ऑफिस पितळी भांड्यांच्या दुकानावर, जिना चढून. आत मोनिका नावाची मुलगी बसते, बावीस-तेवीसची, मोठी चटपटीत. मला पाणी दिलं, काका म्हणाली. म्हटलं, लक्ष्मणपूर लिहा. ती म्हणाली, "काका, अहो, सीनियर सिटिझन सगळे सीतापूर मागतात. सकाळचं कोवळं ऊन, हाडांले बरं. तुमी सावली काहून मागून राहिले?" मी म्हटलं, घरच्यांना ऊन चालत नाही. तर म्हणते, "काकूंले विचारलं का, का तुमीच ठरवून राहिले?"

तेहतीस वर्षं संसार केला आणि हे मला त्या पोरीने विचारावं. तुला काय आवडतं? तुला भाजीत जास्त तिखट लागतं. तुला ट्रॅक्टरच्या आवाजाने डोकं दुखतं. समुद्र आवडेल का, माहीत नाही. लग्नानंतर आपण रामटेकच्या पलीकडे गेलोच कुठे? कधी निघायचं ठरलं, तर कधी ताणा लावलेला, कधी गिऱ्हाईक दारात. जाऊ पुढच्या वर्षी, असं मीच म्हणायचो.

मग तिने फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, आजार. "मुलं किती, काका?" मी म्हटलं दोन. ती म्हणाली, दोघांचे फोन नंबर द्या, अडीअडचणीला लागतात. मी नीलेशचा दिला. तिने पेन धरून ठेवलं आणि दुसऱ्याची वाट पाहत बसली. मी म्हटलं, दुसरीकडे फोन नाही. ती समजली असावी, कारण तिने पेन ठेवून पंखा माझ्या बाजूला वळवला.

घरी आल्यापासून तो दिवस डोक्यातून जात नाही. तुझ्यापुढे उघडपणे तो कधी बोललोच नाही, तर आज बोलतो.

आठ दिवस पाऊस लागून होता. खळ दोनदा शिजवली आणि दोनदा आंबली म्हणून फेकली. गुड्डीला पाच दिवस ताप, मोहाडीच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या. डेंगू असेल, रक्त तपासा, असं ते म्हणाले होते, आणि आपण उद्या भंडाऱ्याला नेऊ म्हणत होतो. त्या दिवशी पहाटे तिचा ताप उतरला. तूच हात लावून सांगितलंस, "अंग गार आहे, देवाची कृपा." आणि बाहेर काय, तर ऊन! स्वच्छ, धुतलेलं. मी म्हटलं, चल, ताणा काढू. अकरापर्यंत आटोपू, मग निवांत तिला घेऊन जाऊ.

ताप उतरला तो दिवसच या आजारात वाईट असतो, हे आपल्याला संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी कोणाला ठाऊक होतं? कोणालाही बरंच वाटलं असतं. ऑगस्टात पोरगी स्वेटर मागते, तेव्हा समजायला हवं होतं, एवढं कबूल करतो. पण तू तिला स्वेटर घातलास, पेज पाजलीस आणि बाहेर आलीस. साडेआठला तू म्हणालीस, "मी पाहून येतो तिले." मी म्हटलं, आता खळीचा कुंचा सोडला तर खळ वाळेल, दोरे चिकटतील, चार महिन्यांचं काम जाईल. झोपली असेल, झोपू दे.

एवढंच झालं. तिने आवाज दिला असता तर गोष्ट वेगळी. आवाज आला नाही. आपण दोघं दारापासून दहा पावलांवर होतो, आला असता तर ऐकू आलाच असता.

बावीस तारीख जवळ येते आहे. मी मोनिकाला लक्ष्मणपूर पेन्सिलीने लिहायला सांगितलं आहे.

नंदलाल

*

मोहाडी
१५ नोव्हेंबर

गुड्डीच्या मायले,

पूर्वी मी तुला अशीच हाक मारायचो. ती गेल्यावर तोंडातून निघेना, म्हणून नीलेशची आई झालीस. आज तसं लिहिलं नाही तर पुढचं लिहिता येणार नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तीन दिवस ते पत्र बपेऱ्याच्या वाटेवर आहे आणि मला इथे जेवण जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ सहा वर्षं झाकलेली आहे. तुला समुद्रावर नेऊन तिथेही ती झाकूनच ठेवणार होतो. सावलीत बसवणार, नारळपाणी पाजणार, आणि म्हातारपणी आपलं जुळलं असं लोकांना दाखवणार. तसं करता येणार नाही, हे त्या मोनिकाने पंखा वळवला तेव्हाच कळलं होतं.

साडेनऊ वाजले असतील. आपण ताण्याच्या मध्यावर होतो, मारुतीच्या देवळापासून परत फिरलेले. लांब कुंच्याचं एक टोक माझ्या हातात, एक तुझ्या. मध्ये ताणा. तुझं तोंड माझ्याकडे आणि घर माझ्या उजव्या हाताला. सुंदरबाई खळीचं घमेलं घेऊन पार पलीकडच्या टोकाला. ऊन दारापर्यंत आलं होतं, उंबऱ्याच्या आत गेलं नव्हतं.

आतून हाक आली. "बाबा." बारीक, पण आली. मी ऐकली.

तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघत विचारलंस, "गुड्डीनं हाक मारली का जी?"

मी म्हटलं, "नाही. सुंदरबाईची नात ओरडून राहिली."

आणि आपण पुढे चालत राहिलो. कुंचा खाली आला नाही. मी मनात म्हटलं, पाणी पाहिजे असेल. म्हटलं, आणखी एक फेरा झाला की जातो. एक झाला. मग उरलेला एवढासा तुकडा कशाला सोडायचा म्हणून दुसरा. अकरा वाजता मी ताण्याच्या काठ्या गुंडाळून आत गेलो, तर ती खाटेवर बसायचा प्रयत्न करून आडवी पडलेली, पाय खाली लोंबत होते आणि हात बर्फासारखे. ऑटोत तुझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "दोन तास आधी आणायला पाहिजे होतं." ते वाक्य तू ऐकलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीकडे पाहिलं.

दोन तास, चंद्रकला. साडेनऊ ते अकरा आणि वर ऑटो मिळेपर्यंतचे. मी बोटांवर इतक्या वेळा मोजले आहेत.

तू मला दोष देतेस, तो ऊन पाहून पाजणीला उतरलो याचा. "तुमाले ऊन दिसलं, पोरगी नाही दिसली," हे तू तेरवीला सगळ्यांदेखत म्हणालीस. लोकांनी तुला गप्प केलं. ते म्हणाले, ताप उतरला होता, त्याचा काय दोष? मी खाली मान घालून बसलो आणि त्यांना बोलू दिलं. त्यांच्या प्रत्येक शब्दाचा मला आधार वाटत होता. खरी गोष्ट त्याहून वाईट आहे, हे मी एकटाच जाणत होतो. मला पोरगी दिसली नाही हे खरं, पण ऐकू आली होती.

आणि तुला मी खोटं सांगितलं. तू विचारलंस म्हणजे तू जाणारच होतीस. मी हो म्हटलं असतं तर तू कुंचा फेकून पळाली असतीस. तिला तू वाचवलं असतंस. मी तुला अडवलं, आणि कशाने, तर दोन शब्दांनी.

मागावर बसून तोच ताणा विणला, तो याच्यासाठी. ज्याच्यापायी हाक गिळली, तो ताणा फेकून दिला असता तर ती हाक कशासाठी गिळली हेही उरलं नसतं. हे तुला समजेल की नाही, माहीत नाही. मला स्वतःलाही नीट समजत नाही.

आता तू येत नाही म्हणालीस, तर मी नीलेशला काही सांगणार नाही. तब्येतीचं निमित्त करून रद्द करीन. क्षमा मागत नाही, ती मागायची तर गुड्डीजवळ मागायला हवी. मोनिकाला सांगून ठेवलं आहे, बावीसच्या दुपारपर्यंत थांब.

स्वेटर तुझ्याजवळ असेल तर तुझ्याजवळच राहू दे. तो मला देऊ नकोस.

नंदलाल

*

बपेरा
१९ नोव्हेंबर

गुड्डीच्या बाबांले,

चारही पत्रं भेटले. शेवटचं परवा भेटलं. राजकुमार उद्या भंडाऱ्याले माल आणाले जाते, त्याच्या हाती हे धाडून राहिली. तो वाटेत मोहाडीले उतरून तुमाले देईल. त्याले चहा पाजजा. तुमच्यासारखं मले लिहिता येत नाही. मी बोलतो तशी लिहितो.

परवा पत्र वाचलं आन् मी ढोरांच्या कोठ्यात जाऊन बसली. वहिनी म्हणे काय झालं. दोन दिवस झाले, सांगू का नको सांगू करून राहिली. तुमी सांगितलं तं मले बी सांगा लागते.

मी बी ऐकली होती.

तुमाले एक हाक ऐकू आली. मले दोन आल्या. पहिली बाबा म्हणून. मंग थोड्या वेळानं माय म्हणून. तुमी तवा सुंदरबाईले खळ आण म्हणून आवाज देऊन राहिले होते, म्हणून तुमाले दुसरी नाही आली. दुसऱ्या हाकेत ती बोलली. म्हणे, "माय, मले थंडी वाजून राहिली, मले उन्हात बसव." सारं ऐकू आलं मले. आताही येते.

मी तुमाले विचारलं तवा मले माहीत होतं का तिनंच हाक मारली. लेकराची हाक मायले कळत नाही का जी? सुंदरबाईची नात तं त्या दिवशी मामाच्या गावाले होती. मी तुमाले काहून विचारलं, ते आयका. माझे हात खळीत होते. चार महिने मी बी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. मले वाटलं, तुमी नाही म्हणा, म्हणजे माझं काम होते. तुमी नाही म्हटलं. मंग दुसरी हाक आली, तवा मी तुमाले विचारलं बी नाही. मी कुंचा धरून चालली.

तुमी म्हणता, तू पळाली असती. मी नाही पळाली. मले कोणी धरून ठेवलं नव्हतं.

तेरवीले मी साऱ्यांदेखत तुमाले बोलली. तुमच्यावर बोललं का माझ्यावर बोला लागत नव्हतं. मंग तुमी मागावर बसले, तं मले आणखी चांगलं झालं, राग कराले कारण भेटलं. त्या खटक-खटक आवाजात मले तिची हाकच ऐकू ये, म्हणून मी राजकुमारकडे आली. लोकांले वाटे, नवऱ्यावर रुसली. मले बी तसंच वाटू दिलं. सहा वर्सं झाले, तुमी तिथं एकटे जेवता हे मले माहीत होतं, तरी मी आली नाही. तुमचं तोंड पाहिलं असतं तं मले सांगा लागलं असतं.

मी उन्हाले भेत नाही. तुमी सारे तसं समजता. मी उन्हात कायले बसू? तिनं मांगितलं आन् मी दिलं नाही. दारापाशी आलं होतं ऊन. खाट चार हात वढली असती तं तिच्या आंगावर पडलं असतं. ती वाचली असती का नाही, देवाले माहीत. पण तिले उन्हात बसवाचं तं माझ्या हातात होतं. आपण ते सारं ऊन ताण्याले देल्लं.

नीलेशले मी विचारलं होतं, सकाळी ऊन किती वाजता येते. तुमी समजले, मी भिऊन विचारून राहिली.

लक्ष्मणपूर नको. पेन्सिलीचं पुसाले सांगा त्या पोरीले. सीतापूर लिहा. जिथं मधात झाड नाही आन् पहाटपासून पडते, तोच.

मी येतो. घरी नाही येत, आत्ताच माझ्यानं होत नाही. राजकुमार मले चौदा तारखेले नागपूरच्या विमानतळावर सोडून देईल. तिथं तुमी दारातच उभे राहजा, मले आतलं काही समजत नाही. विमानात माझ्यासंगं बोला नका लागू, मले रडू येईल आन् लोक पाहतील. तिथं गेल्यावरही बोलाची गरज नाही. क्षमा तुमीही मांगू नका, मीही मांगत नाही.

स्वेटर माझ्यापाशी आहे. तुमी नीट शोधलं नाही, तुमच्या हातात कधी काही सापडते का? मी तो धुतला नाही. भाऊबीजेले येताना लुगड्याच्या घडीत घालून आणला होता. इथं माझ्या पेटीतून बाहेर काढला नाही आतापर्यंत, त्याले वारा लागला नाही. आता घेऊन येतो.

पहिल्या दिवशी पहाटे उठून जाऊ आन् त्याले उन्हात ठेवू.

चंद्रकला